मोरिनी की स्टायर? १० मीटर एअर पिस्तूल घेण्याआधी ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमबाजीचा क्लास लावून चार-सहा महिने झाले की क्लबचं पिस्तूल नकोसं वाटायला लागतं आणि बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन थांबते: स्वित्झर्लंडचं मोरिनी सीएम १६२ ईआय आणि ऑस्ट्रियाचं स्टायर (एलपी १० किंवा त्यानंतरचं इव्हो १०). खाली त्याबद्दलचे प्रश्न आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता फक्त क्रमांक दिला आहे.

१. मला खरं तर ग्लॉक १७ किंवा बेरेटा ९२ यांतलं एक निवडायचं आहे. भारतात घेता येईल का?

नाही. दोन्ही ९ × १९ मिमीची आहेत आणि हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे. सामान्य नागरिकाच्या लायसन्सवर ती मिळत नाहीत, त्यामुळे यूट्यूबवरच्या तुलना पाहण्यापुरत्याच. स्वसंरक्षणाच्या लायसन्सवर .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेता येतं. त्यासाठीचा अर्ज ठाणे आणि नवी मुंबईत त्या-त्या पोलीस आयुक्तालयाकडे जातो. पनवेल जिल्ह्याने रायगडमध्ये असलं, तरी या कामाला नवी मुंबई आयुक्तालयातच येतं. खेळ म्हणून पिस्तूल चालवायचं असेल, तर सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने होते. पुढचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत. .२२ च्या सेमी-ऑटोमॅटिकसाठी थेट १५ वर जा.

२. एअर पिस्तुलाला लायसन्स लागतं का?

४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल, तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे लायसन्स लागत नाही. मॅच एअर पिस्तूल या मर्यादेच्या खूप आत बसतं: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने निघाला, तर ऊर्जा साडेपाच-सहा ज्यूल होते. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतोच. बिल मात्र जपून ठेवा. सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल पुढे विमानतळावर, विकताना आणि चोरीची तक्रार देताना, तिन्ही वेळा मागितलं जातं.

३. दोन्हींत नेमका फरक काय? नेट वाचून डोकं फिरलंय.

सारखं काय आहे ते आधी बघू, म्हणजे अर्धा गोंधळ मिटेल. दोन्ही २०० बार दाबाच्या हवेवर चालतात आणि एका वेळी एकच छर्रा भरावा लागतो. वजन दोन्हींचं किलोच्या आसपास. शिकंज्यात बांधून झाडलं, तर दोघांचेही छर्रे एकाच भोकातून जातात. टार्गेटवरचा दहाचा गोल ११.५ मिमीचा आहे, आणि तो चुकवण्याचं काम यांतलं कोणतंही पिस्तूल करत नाही.

फरक दोन जागी आहे. पहिला ट्रिगरचा. मोरिनी ईआयचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे (एमआय हे त्याचं मेकॅनिकल भावंड). स्टायरचं साधं मॉडेल मेकॅनिकल, आणि नावापुढे 'ई' असलेलं इलेक्ट्रॉनिक. दुसरा फरक ॲब्सॉर्बरचा. स्टायरमध्ये एक छोटं सरकतं वजन असतं, जे शॉटच्या क्षणी उलट दिशेने जाऊन झटका खातं. मोरिनी १६२ मध्ये ते नाही, रचना सुटसुटीत आहे. स्टायरचा शॉट त्यामुळे मऊ वाटतो, तर मोरिनीच्या शॉटला नळीचं टोक किंचित हलतं. हे हलणं काही जणांना आवडतं, कारण प्रत्येक वेळी ते एकाच दिशेला झालं तर पकड सारखी आहे हे कळतं.

आमचं मत विचाराल तर सहा ज्यूलच्या पिस्तुलात ॲब्सॉर्बरमुळे ६०० पैकी ५४० गुणांचे ५५० होत नाहीत. ग्रिपमुळे होतात. म्हणून ७ नीट वाचा.

४. नुकतंच शिकायला लागलोय. लगेच घेऊ का?

थांबा. पिस्तूल लाखाच्या वर जातं, आणि घेतल्यावर छर्रे, हवा, टार्गेट असा खर्च दर महिन्याला चालू राहतो. क्लबच्या पिस्तुलावर ६० शॉटची पूर्ण मॅच (१५ मिनिटं तयारी आणि साइटिंग, म्हणजे न मोजले जाणारे शॉट, मग १ तास १५ मिनिटं) हात न थरथरता संपवता येऊ लागली की घ्या. तोवर ओळखीच्या नेमबाजांकडून दोन्ही पिस्तुलांवर किमान वीस-वीस शॉट मारून बघा. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबसारख्या ठिकाणी सराव करणाऱ्यांकडे दोन्ही नावं दिसतील. कोचसरांना विचारून, ज्याचं पिस्तूल आहे त्याच्यासमोरच हात लावा.

५. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर चांगला की मेकॅनिकल?

इलेक्ट्रॉनिकमध्ये दाबाचा शेवटचा टप्पा प्रत्येक वेळी अगदी सारखा तुटतो, कारण तिथे झिजणारी धातूची धार नाही. ट्रिगर एक स्विच दाबतो आणि झडप उघडण्याचं काम वीज करते. तोटा असा की बॅटरी लागते आणि दुरुस्ती क्लबमधल्या जाणत्या हाताला जमत नाही, सर्किट बदलावं लागतं. मेकॅनिकलमध्ये स्क्रूने बरंच काही बसवता येतं. पण ते बसवायला आवडणारा माणूस दर आठवड्याला स्क्रू फिरवत बसतो, आणि तोच खरा धोका.

ज्यांचा हात आधीच स्थिर आहे आणि बोट 'झटकतं' त्यांनी मेकॅनिकलवर थोडे महिने काढावेत, चूक लवकर दिसते. बाकीच्यांनी जे बोटाला आवडेल ते घ्यावं.

६. ट्रिगरचं वजन किती ठेवायचं? माझं पिस्तूल तपासणीत नापास झालं.

नियम किमान ५०० ग्रॅम म्हणतो. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरच्या मधोमध ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. वजन उचललं जायला हवं, शॉट सुटता कामा नये. पिस्तूल कॉक केलेलं आणि हवेसह असतं.

नापास होण्याची नेहमीची कारणं अशी. घरी ५०० वर काटेकोर बसवलेलं असतं आणि प्रवासात स्क्रू जरा सैल होतो. किंवा घरी वजन ट्रिगरच्या टोकाला अडकवून मोजलेलं असतं, आणि टोकाला मोजलं की आकडा वेगळा येतो. किंवा ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकवल्यावर पुन्हा मोजलेलंच नसतं. ५१० ते ५२० वर ठेवा. पहिला टप्पा साधारण ४०० आणि दुसरा १०० ते १२० अशी विभागणी बहुतेकांना मानवते. दुसरा टप्पा फार हलका केला, तर बोट पहिल्या टप्प्याच्या शेवटी थांबतच नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ट्रिगरला हात लावू नका, फक्त मोजा.

७. ग्रिप कोणती घ्यायची आणि घासायची कशी?

पिस्तूल घेताना सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. दोन्ही कंपन्या एक्सएसपासून मोठ्या मापांपर्यंत उजव्या-डाव्या हाताच्या ग्रिप देतात. मोरिनीच्या ग्रिप इतर कंपन्यांच्या पिस्तुलांवरही सर्रास दिसतात, म्हणजे स्टायरची यंत्रणा आवडली आणि मोरिनीची मूठ, तर वाट बंद नाही.

माप असं बघा. अंगठा आणि तर्जनीमधली खोबण ग्रिपच्या मागे जेवढी वर जाईल तेवढी जाऊ द्या. तळहाताखालचा फळा वर आणून टेकवा, पण आवळू नका. बोटाने ट्रिगर सरळ मागे ढकलला जायला हवा आणि बोटाचं मधलं पेर ग्रिपच्या लाकडाला लागता कामा नये. ते लागत असेल, तर ट्रिगर दाबताना पिस्तूल बाजूला सरकतं आणि शॉट आठच्या गोलात दिसतो.

आता कसोटी. पिस्तूल उचला, टार्गेटवर धरा, डोळे मिटा, तीन श्वास घ्या, उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्ये असेल तर ग्रिप बसली. दहापैकी आठ वेळा ती एकाच बाजूला दिसत असेल, तर ग्रिप हाताला वळवते आहे. उजव्या हातात पुढची साइट सतत डावीकडे दिसत असेल, तर आधी ग्रिपचा कोन बदलायची सोय वापरा. तेवढ्याने भागलं नाही, तर तळहाताचा कोणता भाग दाबला जातो ते पेन्सिलने खुणा करून शोधा आणि तेवढंच लाकूड ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. दोन-चार फटके मारून थांबायचं आणि पुन्हा धरून बघायचं. काढलेलं लाकूड परत येत नाही, भर मात्र घालता येते. पोकळ जागा भरायला हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील चालतं. हाताला टाल्कम पावडर लावून ओल्या एम-सीलवर पकड घ्या, ठसा उमटू द्या, वाळल्यावर कडा घासा.

नियम विसरू नका. ग्रिपचा कोणताही भाग हाताला वेढून जाता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, आणि तळहाताचा फळा ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही. एम-सील लावताना फळ्याची कड वर वळवली गेली की तपासणीत पकडतात. पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या खोक्यात बसायला हवं आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत. जाडीचे ५० मिमी पहिल्यांदा ओलांडतो तो अंगठ्याचा टेकू.

८. मुलगी १२ वर्षांची आहे. पूर्ण आकाराचं घेऊ की लहान?

दोन्हींची आखूड आवृत्ती मिळते: मोरिनी 'शॉर्ट' आणि स्टायर 'कॉम्पॅक्ट'. खांद्याची ताकद येईपर्यंत तीच बरी, कारण लांब नळीचं वजन पुढे पडतं आणि मूल कंबर मागे झुकवून भरपाई करतं. ती सवय नंतर मोडायला वर्ष जातं. हात वाढेल हे धरून मोठी ग्रिप मात्र घेऊ नका. शाळेच्या बुटांचा हिशेब इथे चालत नाही. दोन वर्षांनी फक्त ग्रिप बदला.

९. हवा कुठून भरायची?

क्लबमध्ये स्कूबाचा मोठा सिलिंडर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर हा खर्च पिस्तुलाच्या किमतीत धरा. अडॅप्टर आपल्याच पिस्तुलाचा हवा. स्टायरचा सिलिंडर मोरिनीला बसत नाही आणि उलटही नाही, त्यामुळे क्लबमध्ये ज्याचा अडॅप्टर आधीच आहे ते पिस्तूल घेणं हा अगदी रास्त निकष आहे.

भरताना झडप हळू उघडा, एक मिनिट तरी घ्या. घाईत भरलं की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. मोठा सिलिंडर ३०० बारचा असेल, तर काट्यावरून नजर हलवायची नाही. पिस्तुलाचा सिलिंडर २०० च्या पुढे भरण्यासाठी बनलेला नाही.

हातपंपानेही भरता येतं, दमछाक होते इतकंच. पंपाची ओल काढायची झडप मधूनमधून उघडत राहा, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये जातं (१० पाहा).

ऑक्सिजन कधीही, कोणत्याही कारणाने भरू नका. उच्च दाबाचा ऑक्सिजन तेलाच्या थेंबाशी गाठ पडली की स्फोट होतो. त्याच कारणाने सिलिंडरच्या झडपेला आणि ओ-रिंगला (हवा अडवणारी रबरी कडी) मशीन ऑइल लावायचं नाही, सिलिकॉन ग्रीस पुरतं.

एका भरण्यात साधारण दीडशे शॉट निघतात. काटा ८० च्या खाली गेला की बदला. त्याखाली वेग कमी होतो आणि शॉट टार्गेटवर खाली उतरू लागतात. साइट वर करत बसण्याआधी काटा बघा.

१०. पावसाळ्यात पिस्तुलाला गंज येतो. काय करू?

जून ते सप्टेंबर खाडीच्या दोन्ही काठांवर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, पिस्तुलाचं वेगळं काय होणार. मुख्य गुन्हेगार कंपनीच्या पेटीतला स्पंज आहे. तो दमटपणा शोषून धातूला चिकटवून ठेवतो. पेटी प्रवासापुरती वापरा. घरी आलात की पिस्तूल बाहेर काढा, घामाच्या जागा कोरड्या सुती कापडाने पुसा, बाहेरच्या धातूवर तेलाचं बोट फिरवा आणि कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम केल्यावर पुन्हा निळं होतं. तो तवा मग पोळ्यांसाठी नाही.

अक्रोडाची ग्रिप याच दिवसांत फुगते. मे महिन्यात घासून नेमकी बसवलेली ग्रिप जुलैमध्ये घट्ट वाटते. म्हणून पावसाळ्यात ग्रिप घासू नका, दिवाळीनंतर बघा.

मे महिन्याचा धोका उलटा. उन्हात उभ्या गाडीत ६० अंश सहज होतात. ३० अंशांना २०० बार भरलेल्या सिलिंडरमधला दाब तिथे सुमारे २० बारने वाढतो. सिलिंडर गाडीत सोडून जाऊ नका.

११. छर्रे कोणते?

सपाट डोक्याचे मॅच छर्रे, ४.५ मिमी. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप असतं. तिन्ही मापांचे थोडे-थोडे आणून पिस्तूल टेकवून पाच-पाच शॉटचे ग्रुप मारा, जो सर्वांत आवळ तो तुमचा. मग त्याच लॉटचे ५०० चे अनेक डबे एकदम घ्या. जुन्या डब्यातल्या छर्ऱ्यांवर पांढरट भुकटी दिसली, तर ती शिशाची आहे. फेकून द्या, पुसून वापरू नका. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

१२. घरी सराव कसा? फ्लॅटमध्ये १० मीटर मिळत नाहीत.

न झाडता करायचा सराव, म्हणजे ड्राय फायरिंग, दोन्ही पिस्तुलांत करता येतो. इलेक्ट्रॉनिक चालू ठेवावं लागतं. पांढऱ्या भिंतीसमोर वीस मिनिटं, टार्गेट न लावता, फक्त साइट पाहून ट्रिगर दाबा. टार्गेट हवंच असेल तर अंतराच्या प्रमाणात छापा: १० मीटरवरचा काळा गोळा ५९.५ मिमीचा आहे, ५ मीटरला तो साधारण ३० मिमीचा. केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर.

छर्रे घरात झाडणार असाल, तर लोखंडी पेटीचा ट्रॅप आणि मागे भिंत हवी, दरवाजा नको. चष्मा घाला, कारण कडक पृष्ठभागावरून छर्ऱ्याचे तुकडे परत येतात. बाल्कनीतून किंवा बाल्कनीकडे कधीच नाही. सोसायटीने पोलिसांना बोलावलं, तर चूक तुमचीच असेल.

१३. लोकलने न्यायचं का? आणि विमानाने?

लोकलने नेता येतं, बंद पेटीत. सिलिंडर काढून वेगळा ठेवा, नळीतून सेफ्टी फ्लॅगची (नळी रिकामी आहे हे दाखवणारी) दोरी घाला, बिलाची आणि क्लबच्या ओळखपत्राची प्रत पेटीतच असू द्या. ऐरोली-ठाणे गर्दीत पेटी वरच्या रॅकवर नको, मांडीवर घ्या. पेटी कुतूहलाने उघडून दाखवू नका, शेजारचा कितीही गोड बोलला तरी.

विमानात फक्त चेक-इन सामानात, काउंटरवर आधी सांगून. सिलिंडर पूर्ण रिकामा आणि वेगळा केलेला हवा. तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारा, तोंडी नको, ईमेलने.

१४. सेकंडहँड स्वस्तात मिळतंय. काय तपासायचं?

सर्वांत आधी सिलिंडरवरची तारीख. सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरलं जातं आणि स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर ही नेमबाजाची जबाबदारी असते. दोन सिलिंडर बदलावे लागले, तर 'स्वस्त' उरत नाही. मग सिलिंडर २०० बार भरून पिस्तुलाला लावा, काटा टिपून ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी खाली उतरला असेल तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात तिथली ओ-रिंग गेली. हा दुरुस्त होणारा दोष आहे. नळीच्या तोंडाची कड चेपलेली असेल, तर मात्र सौदा सोडा. ग्रिप दुसऱ्याच्या हाताला घासलेली असणारच. नव्या ग्रिपची किंमत सौद्यातून वजा करून बोला.

१५. मला सेमी-ऑटोमॅटिकच हवंय. २५ मीटरसाठी पार्दिनी एसपी की वॉल्थर?

हा .२२ एलआरचा खेळ आहे आणि इथे लायसन्स लागतं. जिल्हा संघटना, राज्य असोसिएशन, मग मावळंकर स्पर्धा (राष्ट्रीयसाठीची पात्रता स्पर्धा) आणि राष्ट्रीय अशी पायरी चढल्याशिवाय आयात सोपी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात.

ट्रिगर इथे किमान १००० ग्रॅम, मॅगझिनमध्ये ५ राउंड. अर्धी मॅच सावकाश (५ शॉटला ५ मिनिटं), अर्धी जलद: टार्गेट ३ सेकंद समोर, ७ सेकंद बाजूला. जलद भागात पिस्तूल प्रत्येक वेळी फिरलं पाहिजे, म्हणून निवड ब्रँडवर कमी आणि तुम्हाला नियमित मिळणाऱ्या काडतुसांवर जास्त करा. एकाच लॉटच्या ५०० राउंडमध्ये किती वेळा अडकलं ते मोजा. अडकणं बहुतेक वेळा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांमुळे असतं. पार्दिनीला .३२ चा भाग जोडता येतो, त्यामुळे सेंटर-फायरही (.२२ पेक्षा मोठ्या काडतुसांचा प्रकार) खेळणाऱ्या पुरुषांनी तिकडे झुकावं. ग्रिपचं सगळं ७ प्रमाणेच.

शॉट अडकला तर पिस्तूल टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करा. स्वतः स्लाइड ओढलीत की पिस्तूल अडकल्याचा दावा संपतो.

१६. स्पर्धेच्या मधेच पिस्तूल बंद पडलं तर?

१० मीटरमध्ये घड्याळ थांबत नाही. टोकियोत २५ जुलै २०२१ ला मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती बारावी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तपासणीतून पास झालेलं दुसरं पिस्तूल शक्य असेल तर जवळ हवं. नसेल तर किमान नवी बॅटरी, भरलेला दुसरा सिलिंडर, ओ-रिंगा आणि ॲलन की. बॅटरी वर्षातून एकदा, मोठ्या स्पर्धेच्या महिनाभर आधी बदला. आदल्या रात्री बदललेली बॅटरीच खराब निघाल्याची उदाहरणं आहेत.

१७. मुलगा डावखुरा लिहितो पण उजव्या डोळ्याने नेम धरतो. उजव्या हाताचं पिस्तूल घेऊ का?

आधी नेमका डोळा ठरवा. दोन्ही हात लांब करून तळहातांमध्ये लहान खिडकी धरा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो बलवान. रायफलमध्ये खांदा बदलावा लागतो, पिस्तुलात डोकं थोडं वळवून हात आणि डोळा उलट बाजूंचे चालतात. डावा हात आणि उजवा डोळा ही जोडी असेल, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आधी महिनाभर उजव्या हाताने सराव करू द्या. हात तयार झाला तर उजवं घ्या. नाही झाला तर डाव्या हाताची ग्रिप मागवा. यंत्रणा तीच राहते, त्यामुळे हाती आलेलं उजव्या ग्रिपचं सेकंडहँड पिस्तूल सोडून द्यायची गरज नाही, ग्रिप वेगळी घेतली की झालं. डाव्या हाताच्या एक्सएस-एस ग्रिप दुकानात पडून नसतात, यायला वेळ लागतो. ऑर्डर स्पर्धेच्या हंगामाआधी द्या.